पीएम किसान, नमो आणि महाडीबीटी : सहा वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

स्टार द्यायचेच झाले तर केंद्राच्या पीएम किसान योजनेच्या हप्त्याला साडेतीन, राज्याचं अनुदानाचे अर्ज भरायचं पोर्टल महाडीबीटी, त्याला अडीच, आणि आमच्या गावच्या ऑनलाइन केंद्रातल्या पोराला पाचपैकी सहा. लोक मोबाईलचा, मिक्सरचा, हायवेवरच्या मिसळीचा रिव्ह्यू टाकतात, मग म्हणलं जी सर्व्हिस आपलं घर २०१९ पासून वापरतंय तिचा का नको. कुणी असं म्हणू नका की सरकार फुकट देतंय तर घ्या गप. फुकट काही नाही राव, चकरा मोजा, झेरॉक्स मोजा, बुडालेली रोजंदारी मोजा, मग बोला.

आमची साडेतीन एकर. मराठवाड्यातला जिरायती तालुका, नाव नाही लिहीत कारण ऑफिसात उद्या परत मलाच जायचंय. सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी असलं तर एक एकर मिरची. म्हणजे लिहिणारा कुणी बागायतदार नाही आणि एसीत बसून सल्ले देणारा पण नाही हे आधीच क्लिअर करतो.

आधी चांगलं सांगतो. २०१९ च्या १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये योजना जाहीर झाली आणि २४ फेब्रुवारीला गोरखपूरमधून बटण दाबलं. सरकारी कामात तेवीस दिवसांत पैसा हलला हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं. तेव्हा निवडणूक तोंडावर होती म्हणून असेल, असू दे. सुरुवातीला पाच एकराच्या आतल्यांनाच होतं, म्हणजे दोन हेक्टर, नंतर निवडणूक झाल्यावर ती अट काढली आणि सगळ्या खातेदारांना लागू झालं. वर्षाला ६०००, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, आणि मधे कुणी नाही. ना सोसायटीचा सचिव, ना चेअरमन, ना पुढाऱ्याचा पीए. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यभर अनुदान म्हणजे कुणाच्या तरी दारात उभं राहायचं असंच बघितलेलं, त्यांना पहिला मेसेज आला तेव्हा तो त्यांनी तीन जणांकडून वाचून घेतला. खरे दोन हजार होते. तेवढ्यासाठी साडेतीनपैकी दोन स्टार तिथंच दिले.

आता दोन हजारात येतं काय ते पण बघू. डीएपीची गोणी १३५०. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, अशा दोन म्हणजे ५३३. झाले १८८३. उरले ११७. त्यात दुकानदार म्हणणार डीएपी पाहिजे तर सोबत ही बाटली पण घ्यावी लागेल, वरूनच लिंकिंग आहे, मग ते ११७ पण गेले आणि खिशातले आणखी तीनशे गेले. म्हणजे एक हप्ता = एका एकराचं खत, तेही जेमतेम. आणि हे दोन हजार २०१९ ला दोन हजार होते ते आजपण दोन हजारच आहेत. मजुरी तेव्हा काय होती आणि आता काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. संसदेच्या कृषी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये सहाचे बारा हजार करा अशी शिफारस केली, ती शिफारसच राहिली.

राज्याचं नमो शेतकरी महासन्मान २०२३ च्या बजेटमध्ये आलं, तेवढेच ६००० अजून. पीएम किसानच्या यादीत असलात की नमो आपोआप, वेगळा फॉर्म नाही, ही आयडिया मला खरंच आवडली. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सोडला. पण आपोआपचा उलटा अर्थ असा की पीएम किसानमधून नाव उडालं की नमो पण आपोआप उडतं, एका दगडात दोन पक्षी, फक्त पक्षी आपण. २०२४ च्या विधानसभेला महायुतीच्या जाहीरनाम्यात बाराचे पंधरा हजार करू असं होतं. अजून बाराच आहेत.

टायमिंगबद्दल मात्र मी एक स्टार कापलाय आणि त्यावर मी ठाम आहे. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च असे कप्पे आहेत, आणि त्या कप्प्यात कधीही पैसे पडले तरी सरकारच्या हिशोबाने ते वेळेवरच. शेतकऱ्याच्या हिशोबाने पेरणी जूनमध्ये असते. २०२५ ला बघा, १९ वा हप्ता २४ फेब्रुवारीला भागलपूरमधून आला आणि २० वा थेट २ ऑगस्टला वाराणसीतून. मधे पाच महिने. जून गेला, जुलै गेला, सोयाबीन गुडघ्याला आलं, बियाणं खत सगळं उधारीवर आणून झालं, आणि मग पेरणीला मदत आली. रोज कुणीतरी स्टेटस टाकायचं की उद्या पडणार, परवा पडणार, यूट्यूबवाले तर रोज "मोठी बातमी" म्हणून लाल बाण काढून व्हिडिओ टाकत होते. हप्ता कधी सोडायचा हे पेरणीवरून नाही तर सभेवरून ठरतं असं आमच्या पारावरचं मत आहे, आणि तारखा बघून मला ते खोडता येत नाही. १६ वा यवतमाळच्या सभेत, १८ वा वाशिमच्या. आपल्याकडे येऊन दिला याचा आनंद आहेच, पण तारीख आधी कळली तर दुकानदाराला तरी तारीख देता येते ना.

अजून एक बोचलेलं. सप्टेंबर २०२५ ला आमच्याकडे काय पाऊस झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, सीना नदीचं पाणी कुठवर गेलं ते पाहिलं. त्या वेळी पंजाब, हिमाचल, उत्तराखंडला पूर आला म्हणून २१ वा हप्ता २६ सप्टेंबरलाच आधी दिला, जम्मू-काश्मीरला ७ ऑक्टोबरला. बरोबर केलं, द्यायलाच पाहिजे. आपल्याला मात्र बाकी देशासोबत १९ नोव्हेंबरला. आमची माती पण वाहूनच गेलती, कोरडी नव्हती.

आता मेन मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हा एवढा लांब रिव्ह्यू लिहायला बसलो. पैसा देणं हे या सर्व्हिसचं सोपं काम आहे आणि ते जमतंय. अवघड काम आहे तुमचं नाव तीन ठिकाणी सेम असणं : आधारवर, बँकेत आणि सातबाऱ्यावर. हे तीन जुळले की दोन हजार पडतात, एक जरी हललं की बंद. आणि हे जुळवून द्यायचं काम कुणाचंच नाही. ते तुमचं.

अण्णा २०२१ च्या दिवाळीनंतर गेले. तेरावा झाल्यावर आम्ही आधी वारसनोंदीला लागलो. आई, मी आणि ताई अशी तीन नावं. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नावं यायला जो वेळ लागायचा तो लागला, त्यावर काही लिहीत नाही, ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला माहीत आहे. मग आईच्या नावाने पीएम किसानचा नवीन अर्ज. नियम असा की १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर पाहिजे, नंतर खरेदी केलेली चालत नाही, पण वारसाने आलेली चालते. चालते म्हणजे कागदावर चालते. मयताचं आधार, मृत्यू दाखला, फेरफार, आधीचा सातबारा, आताचा सातबारा, आठ-अ, सगळं स्कॅन करून टाकलं आणि अर्ज "पेंडिंग". कुणाकडे पेंडिंग? महसूलवाले म्हणणार हे कृषीचं काम, कृषीवाले म्हणणार महसूलचं. हा वाद तेव्हा राज्यभर चालू होता, पेपरात पण यायचं, त्यामुळे एका ऑफिसला दोष देण्यात अर्थ नाही. मी या टेबलावरून त्या टेबलावर किती वेळा गेलो ते मोजायचं नंतर सोडूनच दिलं. एका साहेबांनी फार प्रेमाने सांगितलं, "वरून लॉगिन आलं नाही." दुसऱ्यांदा गेलो तर लॉगिन आलेलं, साहेब बदललेले.

स्टेटस पेज उघडायची तर मला सवयच लागली. लोक सकाळी उठून राशिभविष्य बघतात तसं मी आईचा रजिस्ट्रेशन नंबर टाकून बघायचो. "लँड सीडिंग : नो". एवढे तीन शब्द. म्हणजे आमची जमीन, जी पणजोबांपासून तिथंच आहे, ती सिस्टीममध्ये आईला चिकटलेली नाही. पुढे कधीतरी ते "येस" झालं. कुणी केलं, कसं झालं, काही मेसेज नाही. मी त्या दिवशी बायकोला म्हणलं आज गोड कर काहीतरी.

मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. आईचा अंगठा उमटत नाही. चाळीस वर्षं खुरपं धरलेला हात आहे, रेषा राहिल्यात कुठे. केंद्रात मशीनवर दहाही बोटं लावून झाली, लिंबू चोळून झालं, खोबरेल लावून पुसून झालं, केंद्रातला पोरगा म्हणतो "मावशी जोरात दाबा", आई म्हणते "लेकरा अजून किती दाबू, मशीन फुटंल." ओटीपीने करावं तर आधारला मोबाईल नंबर नाही. तालुक्याला जाऊन आधार केंद्रावर ५० रुपये भरून नंबर लिंक केला, तिथं पण रांग होतीच. शेवटी काम झालं ते मोबाईल ॲपमधल्या चेहऱ्यावरच्या केवायसीने, ती सोय २०२३ च्या मधे आली होती. त्या पोराने घरी येऊन केलं. दारात उन्हात आईला उभी केली, ॲप म्हणतं डोळे मिचकवा. आईला एक डोळा म्हणजे काय दोन डोळे म्हणजे काय कळेना, ती आधी दोन्ही मिटून तशीच उभी राहिली, मग हसायला लागली, मग पदर तोंडावर घेतला. पाचव्या वेळेला झालं. पोराने किती घेतले? काहीच नाही, चहा पिला आणि गेला. म्हणून सहा स्टार. बाकी केंद्रवाले ५० घेतात, काही १०० पण घेतात.

एवढं झाल्यावर तुम्हाला वाटेल आता पैसे आले. २८ फेब्रुवारी २०२४, यवतमाळ. त्या दिवशी पीएम किसानचा १६ वा आणि नमोचा दुसरा-तिसरा एकदम सोडले, म्हणजे तिन्ही मिळून ६०००. गावात नुसते मेसेजचे आवाज, पारावर जो तो मोबाईल काढून दाखवतोय. आईच्या पासबुकात शून्य. स्टेटसला बघतो तर पेमेंट झालेलं. आता बोला. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या इथं काही आलं नाही. पोर्टल म्हणतंय दिले. मी दोघांच्या मधे पासबुक घेऊन उभा.

हे जे सांगतोय ते नीट वाचा कारण निम्म्या गावाचा प्रॉब्लेम हाच असतो. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईल असं नसतं, तो आधारला जे खातं शेवटी लिंक झालंय तिथं जातो. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. आईचं बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव. आम्ही घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे. मग आईला आठवलं, मागे एकदा बचतगटाच्या मीटिंगला कुणीतरी टॅब घेऊन आलतं, सगळ्या बायांची खाती काढून गेलं, तेव्हा मात्र अंगठा उमटला होता म्हणे! ना पासबुक, ना कार्ड. त्या बँकेची शाखा शोधत पस्तीस किलोमीटर गेलो. खात्यात ६,०४७ रुपये. सहा हजार सरकारचे, सत्तेचाळीस कुठले ते देवाला माहीत. आई तिथंच म्हणाली, "माझं खातं मलाच माहीत नाही आणि सरकारला माहीत." मग ते आधार तिथून काढून आपल्या गावच्या बँकेत लिंक करायचा अर्ज दिला, आणि १७ वा हप्ता, जून २०२४ चा, योग्य ठिकाणी पडला. तेव्हापासून एकही चुकला नाही हे पण सांगायला पाहिजे.

लाडकी बहीणमुळे आमच्या घरात अजून एक गंमत. आईने तोही फॉर्म भरला होता. शेतीचे महिन्याला हजार पडतात असा हिशोब धरून लाडक्या बहिणीला मग वरचे ५०० च. शेजारच्या काकूंना, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांना पूर्ण १५००. हिशोब बरोबर आहे, दोन्हीकडे पंधराशेच होतात. पण आईला ते पटवून सांगायला मला दोन दिवस लागले आणि अजून पटलंय असं वाटत नाही.

यादीबद्दल. पोर्टलवर गावाची लाभार्थी यादी उघडी असते, राज्य जिल्हा तालुका गाव टाकलं की नावं. हे फीचर मला एकाच वेळी आवडतं आणि नाही पण आवडत. आवडतं कारण लपवालपवी राहत नाही. आमच्या इथं सुरुवातीला पेन्शनवाल्यांची, इन्कम टॅक्स भरणाऱ्यांची नावं पण होती. नियमात स्पष्ट आहे, टॅक्स भरणारा नको, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शनवाला नको, डॉक्टर वकील इंजिनिअर सीए नको, सरकारी नोकरदार नको, चतुर्थ श्रेणी सोडून. नंतर वसुलीच्या नोटिसा निघाल्या तेव्हा एका निवृत्त गुरुजींनी सगळे हप्ते परत भरले, पावती घेऊन पारावर दाखवली पण. मान गेले गुरुजी. बाकीचे काही जण नोटीस आली नाही असंच म्हणत राहिले. आणि आवडत नाही कारण आमच्याकडे कुणाच्या घरात किती येतंय यावर बोलायला लोकांना कारणच पाहिजे असतं.

पण त्या यादीत जो माणूस दिसत नाही त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आमच्या बांधाशेजारी पाच एकर एक जण बटईने करतो. जमीन ज्याची तो पुण्यात, वर्षातून एकदा हुरड्याला येतो. पेरतो हा, फवारतो हा, रात्रीच्या लाईटला पाणी द्यायला उठतो हा. पीएम किसान मालकाला. नमो मालकाला. अतिवृष्टीचं अनुदान पण मालकाच्या खात्यात, द्यायचं की नाही ते मालकाच्या मनावर. या योजनेला शेतकरी म्हणजे सातबारा, माणूस नाही. असं करताच येत नाही असं नाही, ओडिशाने कालिया योजना काढली तेव्हा त्यात भूमिहीन कुटुंबांना पण घेतलं होतं. आपल्याकडे बटई तोंडीच असते, कागद केला की मालक घाबरतो कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल म्हणून. त्यामुळे हा प्रश्न पोर्टलचा नाही तर आपल्या सगळ्यांच्या भीतीचा आहे, तरी पण अर्धा स्टार मी कापतोच.

एका बाबतीत मी पीएम किसानच्या बाजूने बोलेन, ते म्हणजे सगळ्यांना सारखे. वीस गुंठेवाल्याला दोन हजार आणि वीस एकरवाल्याला पण दोन हजार. तेलंगणाने २०१८ ला रयतु बंधू काढली ती एकरावर होती, म्हणजे ज्याची जास्त जमीन त्याला जास्त. आमच्या इथले मोठे खातेदार तेच पाहिजे म्हणतात, म्हणणारच.

आता महाडीबीटी. इथं गोष्ट उलटी आहे, रक्कम मोठी आणि डोकेदुखी पण मोठी. मी मिरचीच्या एका एकराला ठिबकचा अर्ज केला २०२३ ला. पोर्टलवर अर्ज भरायला २३ रुपये ६० पैसे, तेवढं मात्र लगेच कटतं. तेव्हा सोडत निघायची, लॉटरी. हो, शेतात ठिबक पाहिजे की नाही हे चिठ्ठीवर. माझं नाव लागलं, मित्राचं नाही लागलं, त्याची विहीर माझ्यापेक्षा चांगली. २०२५ पासून सोडत बंद करून प्रथम अर्ज प्रथम प्राधान्य केलंय, ते जास्त बरं वाटतं, निदान आपला नंबर कुठे आहे याचा अंदाज येतो.

नाव लागलं की कागदपत्रं मुदतीत अपलोड, मग पूर्वसंमती, आणि पूर्वसंमती यायच्या आधी चुकून पण खरेदी करू नका, बिलाची तारीख आधीची असली की गेलं सगळं. मग नोंदणीकृत डीलरकडून सेट, बिल अपलोड, मोका तपासणी म्हणजे शेतात येऊन पाहणी, आणि मग अनुदान. जाहिरातीत ८० टक्के असतं. अल्प-अत्यल्प भूधारकाला ८०, बाकीच्यांना ७५, केंद्राचे ५५ किंवा ४५ आणि वरचे राज्याचे. पण हे ८० टक्के तुमच्या बिलाचे नसतात भाऊ, सरकारने ठरवलेल्या खर्च मर्यादेचे असतात. हे मला बिल भरल्यावर कळलं. माझं बिल ६१,००० झालं, फिल्टर जरा चांगला घेतला होता. अनुदान बसलं ३९,८००. म्हणजे पासष्ट टक्के. आणि आधी पूर्ण पैसे आपण भरायचे. डीलर म्हणाला तुम्ही तुमचा हिस्सा भरा, राहिलेलं अनुदान आलं की द्या, फक्त दोन कोऱ्या चेकवर सह्या करा. मी नको म्हणलं. आईच्या पाटल्या बँकेत ठेवून चाळीस हजार काढले. अनुदान चौदा महिन्यांनी आलं. महिन्याला चारशेच्या आसपास व्याज, चौदा महिन्याचे ५,६०० धरा. वजा केले की हातात ८० टक्क्यांचे छप्पन राहिले. तरीपण ठिबक फायद्याचंच आहे, पाणी निम्मं लागतं आणि तण कमी, मी परत करीन. पण ज्याच्या घरात गहाण ठेवायला पाटल्या नाहीत त्याने काय करायचं? त्याच्यासाठी ही योजना पोस्टरवरच आहे.

मोका तपासणीची एक गंमत सांगतो. कृषी सहायक आले, म्हणजे आता त्यांचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी झालंय, तलाठ्यांचं ग्राम महसूल अधिकारी झालंय, काम आहे तेच, पाटी नवीन. चार गावं एकाच्या गळ्यात. बिचारे दुपारी दोनला आले, मला फिल्टरजवळ उभं केलं, लोकेशनवाला फोटो काढला, आणि टिंब पडलं शेजाऱ्याच्या गटात! रेंज नाही. मग ते मोबाईल वर धरून बांधावर, मी फिल्टरजवळ, ते म्हणतात थोडं डावीकडे सरका, मी सरकतो तर फिल्टर फोटोत येईना. अर्धा तास आम्ही दोघं त्या उन्हात नाचत होतो. शेवटी टिंब आमच्यात आलं. साहेबांनी पाणी पण आमच्याकडचं पिलं नाही, बाटली सोबत होती, आणि एक रुपया मागितला नाही हे आवर्जून लिहितो.

फार्मर आयडी नसेल तर पहिल्यांदा तो काढा. अकरा अंकी नंबर, १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांना बंधनकारक आहे. सामायिक खातं असेल तर प्रत्येकाचा वेगळा काढावा लागतो, आमच्या ताईचा राहिलाय, ती सासरी, तिचं आधार अजून माहेरच्या नावाचं की सासरच्या याच्यावर फोनवर रोज चर्चा चालू आहे. माझा होता म्हणून मागच्या अतिवृष्टीच्या पैशाला मला वेगळी केवायसी करावी लागली नाही. जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार. सोयाबीनचा काढणीचा खर्च निघाला असता, पण काढायला सोयाबीनच राहिलं नव्हतं.

आणि ते व्हॉट्सॲपवर "पीएम किसान यादी" नावाची एपीके फाईल फिरते ना, ती अजिबात दाबू नका, कितीही ओळखीच्या माणसाकडून आली तरी. आमच्या शेजारच्या गावात एकाचं खातं त्याने साफ झालं. दोन हजार किती आले बघायला गेला आणि होते तेवढे गेले. हेल्पलाईन १५५२६१ आहे, लागली तर लागली. मला दोनदा लागली, एकदा हिंदीत उत्तर मिळालं, एकदा गाणं ऐकलं.

२१ वा हप्ता येऊन बरेच दिवस झाले, मेसेज मी आईला वाचून दाखवला. पण त्या बचतगटाच्या खात्यापासून तिचा मेसेजवर विश्वास नाही, पासबुकात शाईने उमटल्याशिवाय ती पैसे आले असं मानतच नाही. बँकेतलं एंट्रीचं मशीन पंधरा दिवस झाले बंद आहे. सोमवारी परत घेऊन जाणार आहे तिला.